शुक्रवार ते मंगळवार

व्हर्ला स्टॅम्बॉ हवाई दलाच्या आमच्या सेक्शनमध्ये पस्तीस वर्षं होती. त्यातली एकोणीस मी तिच्या शेजारच्या टेबलावर काढली. तिचं काम म्हणजे नियम लिहिणं. स्वतःच्या मनाचे नव्हे. वॉशिंग्टनहून कच्चा मजकूर यायचा, जनरल, वकील आणि डॉक्टर अशा सगळ्यांच्या हातांतून चोळामोळा होऊन. व्हर्ला त्याची अशी वाक्यं करायची की अलास्कातल्या तळावरच्या बावीस वर्षांच्या कारकुनालाही त्याचा एकच अर्थ लागावा. बदली झाली तर सामान कोण हलवणार, विमानावर काम करताना अंगठी चालते का, वारलेल्या सैनिकाचे कपडे घरी पाठवण्याआधी धुवायचे की तसेच द्यायचे, सगळ्याला नियम होता. लाखो माणसांच्या उठण्याबसण्याबद्दल ओहायोतल्या तळावरच्या एका बिनखिडकीच्या खोलीत ही बाई लिहीत बसली आहे, हे त्यातल्या कुणाच्या गावीही नव्हतं.

उंच, हाडकुळी, बारा महिने एकच राखाडी स्वेटर. दुपारच्या डब्यात लिव्हर सॉसेज आणि मोहरी लावलेला पाव, ज्याच्या वासानं आमच्याकडे येणारे नवीन लोक पहिल्या आठवड्यातच टेबल बदलून मागायचे. लग्न केलं नव्हतं. एकदा जमत आलं होतं म्हणे. त्याबद्दल विचारलं की ती म्हणायची, "तो सारखा 'करता येईल' म्हणायचा. मी 'करावे'ची वाट बघत होते." आमच्या धंद्यातला हा विनोद होता. 'करावे' म्हणजे केलंच पाहिजे, 'करता येईल' म्हणजे साहेबाची मर्जी. या दोन शब्दांवरून ती कर्नल लोकांशी तासन्‌तास भांडायची आणि बहुतेक वेळा जिंकायची.

तिचा बाप याच तळावर विमानांची इंजिनं उघडायचा. तो म्हणायचा की नीट बसवलेला बोल्ट कुणाला दिसत नाही, आणि दिसूही नये. व्हर्ला वाक्यांबद्दल तसंच मानायची. तिला कधी बढती मागताना मी पाहिलं नाही. पण आपल्या हातून गेलेल्या मजकुरात आजवर चूक निघाली नाही, हे मात्र ती वर्षातून दोनतीनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायची.

तिला मैत्रीण एकच, नेल्डा लेडबेटर. दोघी शाळेपासूनच्या. नेल्डा शाळेची बस चालवायची. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगा, टोबिन. दर शुक्रवारी माजी सैनिकांच्या हॉलवर तळलेल्या माशांचं जेवण असायचं, तिथे हे तिघं एका टेबलावर बसायचे. टोबिन लहान असताना त्याचे निबंध व्हर्ला लाल पेन्सिलीनं तपासायची. नेल्डा चिडायची.

"अगं नऊ वर्षांचा आहे तो. त्याला जेवू दे."

"जेवू दे की. पण 'आणि' एका वाक्यात चार वेळा कशाला?"

टोबिननं एकोणिसाव्या वर्षी हवाई दलात जायचं ठरवलं तेव्हा भरतीचे सगळे कागद त्यानं आधी व्हर्लाकडे आणले. तिनं पानन्‌पान वाचलं, दोन ठिकाणी प्रश्न विचारायला लावले आणि मग म्हणाली, "कर सही. मी वाचलंय." नेल्डाच्या मनात नव्हतं. पण व्हर्लानं वाचलंय म्हटल्यावर ती गप्प बसली. मुलगा हुशार निघाला. उपग्रहांवर नजर ठेवणाऱ्या तुकडीत गेला, सार्जंट झाला.

मग अवकाश दल निघालं.

बाहेरच्या लोकांना वाटलं, आता नवीन खातं, नवीन मंत्री, नवीन इमारती. तसं काही नव्हतं. खातं एकच राहिलं, त्याचा प्रमुखही एकच, दलं मात्र दोन झाली. घर तेच, स्वयंपाकघर तेच, फक्त चूल वेगळी मांडली. भांडी आणायची होती आमच्याकडूनच. म्हणजे हवाई दलाच्या हजारावर नियमपुस्तिका होत्या त्या सगळ्या उघडायच्या आणि त्यात अवकाश दल बसवायचं. आमच्या सेक्शनमध्ये पूर्वी नऊ माणसं होती, तेव्हा पाच उरली होती.

वॉशिंग्टनमधल्या एका शहाण्याला वाटलं, हे संगणकावर एका दुपारचं काम आहे. जिथे जिथे 'हवा' किंवा 'हवाई' असेल तिथे 'व अवकाश' जोडायचं. जोडलं. दुसऱ्या दिवशी बराकींच्या नियमात वाक्य आलं की गाद्यांना महिन्यातून एकदा हवा व अवकाश द्यावा. व्हर्लानं ते मोठ्यानं वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "चला. हातानंच करायचं आहे." पुढची दोन वर्षं आम्ही हातानं केलं.

त्या कामात तिला ती फट सापडली.

हवाई दलातून अवकाश दलात जाणाऱ्यांची पुस्तिका होती. एका दलातून मुक्त व्हायचं आणि दुसऱ्या दलाची शपथ घ्यायची. पुस्तिकेत एका कलमात लिहिलं होतं की मुक्तीच्या तारखेला हवाई दलाची जबाबदारी संपते. सहा पानांनंतर दुसऱ्या कलमात होतं की शपथेच्या क्षणापासून अवकाश दलाची जबाबदारी सुरू होते. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी व्हाव्यात असं कुठेच म्हटलं नव्हतं. व्हर्लानं एक पानाचं टिपण लिहिलं. या दोन तारखांमध्ये अंतर पडल्यास त्या काळात संबंधित माणूस कोणत्याही दलाचा राहत नाही, तरी खालील वाक्य घालावे. वाक्यही दिलं होतं, पंधरा शब्दांचं.

आमचा प्रमुख गॉर्डन टॅकेट. पंधरा वर्षांपूर्वी तो शिकाऊ म्हणून आला तेव्हा स्वल्पविराम कुठे द्यायचा हे त्याला व्हर्लानंच शिकवलं होतं. वाईट माणूस नव्हता. दमलेला माणूस होता. टिपण हातात घेऊन तो तिच्या टेबलापाशी आला.

"व्हर्ला, प्रत्यक्षात दोन्ही एकाच दिवशी होतं गं. सकाळी मुक्ती, दुपारी शपथ. सगळीकडे."

"होतं हे मलाही माहीत आहे. लिहिलेलं नाही."

"हे वाक्य घातलं तर पुस्तिका परत वकिलांकडे जाईल. मग डॉक्टरांकडे. सहा महिने. मला परवा पाठवायची आहे."

"पाठव. पण कुणीतरी यात पडेल."

"पुढच्या आवृत्तीत घेऊ."

त्यानं टिपणावर शेरा मारला: 'पाहिले. विचार केला. या आवृत्तीत बदल नको.' खाली आद्याक्षरं. व्हर्लानं ते टिपण फाईलला लावलं आणि पुढची पुस्तिका उघडली. भांडली नाही. त्या वर्षी एकेका दिवशी अशी चार टिपणं जायची.

टोबिनची अवकाश दलात निवड झाली तेव्हा नेल्डानं हॉलवर सगळ्यांना केक दिला. त्याला कोलोरॅडोतल्या तळावर हजर व्हायचं होतं. फेब्रुवारीतला तिसरा आठवडा. सोमवारी सुट्टी होती, राष्ट्राध्यक्षांच्या जयंतीची. त्याच्या जुन्या तळावरच्या कारकुनानं विचार केला की सोमवारी कुणी नसणार, तर मुक्तीची तारीख शुक्रवार टाकून मोकळं व्हावं. शपथ मंगळवारी सकाळी, तिकडे पोचल्यावर. कारकुनाचं काही चुकलं नाही. पुस्तिकेत तसं करू नये असं लिहिलेलं नव्हतं.

टोबिन शुक्रवारी घरी आला, आईकडे एक रात्र राहिला आणि शनिवारी सकाळी पिकअपमध्ये सामान घालून निघाला. नेल्डानं मीटलोफची सँडविचं बांधून दिली होती. दुपारी इलिनॉयमध्ये पावसाचा बर्फ होत होता. एका पुलावर मागून येणारा ट्रक घसरला आणि त्यानं पिकअप कठड्यावर दाबली. टोबिन जगला. कमरेखालचं सगळं गेलं. सत्तावीस वर्षांचा होता.

पहिले तीन आठवडे कुणी काही विचारलं नाही. त्याला सैनिकी इस्पितळात हलवलं, उत्तम डॉक्टर दिले. मग कुणीतरी त्याची फाईल उघडली. हवाई दल म्हणालं, हा शुक्रवारीच मुक्त झाला. अवकाश दल म्हणालं, यानं शपथ घेतलेलीच नाही. इस्पितळातून एक बाई आली आणि तिनं नेल्डाला अतिशय गोड शब्दांत सांगितलं की खाट सोडावी लागेल.

नेल्डा त्या रविवारी चर्च सुटल्यावर व्हर्लाच्या घरी गेली. हे मला व्हर्लानं सोमवारी सांगितलं, नेहमीसारखं टेबलावर पेन्सिली ओळीत लावत.

"ती म्हणाली, तूच लिहितेस ना हे सगळं? मग दाखव कुठे लिहिलंय की माझा मुलगा कुणाचाच नाही."

"मग तू काय सांगितलंस?"

"पान नंबर सांगितला."

"आणि तुझं टिपण?"

"ते नाही सांगितलं." एक पेन्सिल तिनं परत उचलली, परत ठेवली. "तेव्हा नाही सांगितलं."

खात्यात एक मंडळ असतं, सैनिकांच्या नोंदींतल्या चुका दुरुस्त करणारं. तारीख चुकली, शेरा चुकला, पदक राहून गेलं, तर तिथे अर्ज करायचा. माजी सैनिकांच्या संस्थेनं टोबिनला एक फुकट वकील मिळवून दिला. त्यानं अर्जात लिहिलं की नियमात ही फट नजरचुकीनं राहिली आहे. तशी कुणाचीच इच्छा नसणार. म्हणून मुक्तीची तारीख शुक्रवारऐवजी मंगळवार धरावी. साधा, सरळ अर्ज. मंडळानं आमच्या सेक्शनला पत्र पाठवलं की हा मजकूर कसा तयार झाला, याबद्दल लिहिणाऱ्याचं निवेदन द्या.

टॅकेटनं निवेदन स्वतः टाइप केलं आणि व्हर्लापुढे ठेवलं. चार ओळी होत्या. तिसरी ओळ अशी होती: 'सदर त्रुटी मसुदा तयार करताना माझ्या नजरचुकीने राहिली.'

व्हर्लानं वाचलं. मी माझ्या टेबलावर काहीतरी वाचत असल्यासारखा बसून होतो.

"हे खरं नाही, गॉर्डन."

"माहीत आहे."

"मी टिपण लिहिलं होतं. तू शेरा मारला होतास."

"तेही माहीत आहे. व्हर्ला, ऐक जरा. मंडळाला चूक दुरुस्त करता येते. चूक झाली असं कुणीतरी म्हणायला पाहिजे, म्हणजे ते तारीख बदलतील, पोराला सगळं मिळेल आणि विषय संपेल. तुला कुणी बोलणार नाही. तू दोन वर्षांत निवृत्त होणार."

"तू स्वतःला वाचवतोयस."

टॅकेटनं कागद उचलून परत तिच्यापुढे ठेवला. मग म्हणाला, "हो. मलाही वाचवतोय. दोन्ही एकदमच होतंय, तर त्यात काय वाईट आहे?"

"तेहतीस वर्षांत माझ्या हातून नजरचूक झाली नाही."

"एक झाली म्हण ना. कुणाला काय फरक पडतो?"

"फाईलमध्ये टिपण आहे."

"फाईल कोण उघडतो?"

"मी उघडते," व्हर्ला म्हणाली.

तो गेल्यावर ती माझ्याकडे वळली. गाल लाल झाले होते. "खात्याला माहीत होतं. मी सांगितलं होतं, लिहून दिलं होतं, आणि तरी त्यांनी तसंच ठेवलं. हे मंडळापुढे आलं तर कुठल्या तोंडानं नाही म्हणतील ते? नजरचूक म्हटलं की विषय हलका होतो. ही काही हलकी गोष्ट आहे का?"

तिचं म्हणणं मला पटलं. खरं सांगायचं तर मला टॅकेटचंही पटलं होतं. मी म्हणालो, "वकिलाला एकदा विचार."

"त्याला काय विचारायचं? खरं काय ते मला माहीत आहे."

तिनं स्वतःचं निवेदन लिहिलं. दीड पान. मी ते वाचलं आहे. एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही. फट केव्हा लक्षात आली, टिपण कोणत्या तारखेचं, कुणाला दिलं, शेरा काय आला. सोबत टिपणाची प्रत. ती दुपारी स्वतः जाऊन टपालात टाकून आली. त्या संध्याकाळी तिनं नेल्डाला फोन करून सगळं सांगितलं. नेल्डा रडली म्हणे आणि म्हणाली, "देव तुझं भलं करो." मंडळाचं उत्तर येईपर्यंत दर शुक्रवारी हॉलवर नेल्डा व्हर्लाला पैसे देऊ देत नव्हती.

उत्तर यायला पाच महिने लागले. एक प्रत टोबिनला गेली, एक आमच्या सेक्शनला आली. व्हर्लानं पाकीट फोडलं आणि मला वाचून दाखवायला लागली, तिच्या नेहमीच्या कोरड्या आवाजात. पहिलं पान ठीक होतं. दुसऱ्या पानावर होतं: 'प्रस्तुत मजकूर नजरचुकीने राहिलेला नसून त्याकडे वेळीच लक्ष वेधण्यात आले होते व सक्षम अधिकाऱ्याने विचारपूर्वक तो तसाच ठेवला, हे मसुदा-लेखिकेच्या निवेदनावरून स्पष्ट होते. विचारपूर्वक घेतलेला निर्णय ही त्रुटी नव्हे. त्रुटी नसल्याने दुरुस्तीचा अधिकार या मंडळास नाही. सबब अर्ज नामंजूर.'

तिनं तो परिच्छेद परत वाचला, या वेळी मनात. ओठ हलत होते. मग कागद टेबलावर ठेवला आणि हातानं सपाट केला.

"वाक्य बरोबर आहे," ती म्हणाली.

टॅकेटच्या खोलीचं दार उघडं होतं. त्यालाही एक प्रत गेली होती. तो बाहेर आला नाही. त्याला काही झालंही नाही. विचारपूर्वक निर्णय घेणारा सक्षम अधिकारी म्हणून त्याचं नाव लागलं होतं, आणि त्यात गैर असं काही नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात तो वॉशिंग्टनला गेला, वरच्या जागेवर.

शनिवारी व्हर्लानं मला फोन केला. नेल्डाकडे जायचं होतं आणि तिला गाडी चालवायचा धीर होत नव्हता. मी तिला घेऊन गेलो. दारापुढच्या पायऱ्यांवर चर्चच्या लोकांनी लाकडी उतार करून दिला होता. नेल्डानं दार उघडलं, आम्हाला आत घेतलं, बसा मात्र म्हणाली नाही. टोबिन पुढच्या खोलीत चाकांच्या खुर्चीत होता. टीव्ही चालू होता, त्यानं आवाज बंद केला.

"मला वाटलं होतं, त्यांना लाज वाटेल," व्हर्ला म्हणाली.

"कुणाला?" नेल्डानं विचारलं.

"मंडळाला. खात्याला."

"तेहतीस वर्षं तिथे काढलीस तू. त्यांना लाज वाटलेली कधी पाहिलीस?"

"मला वकिलानं समजावून सांगितलं," नेल्डा म्हणाली. आवाज चढला नव्हता. शाळेच्या बसमध्ये साठ पोरं सांभाळणारी बाई, तिला आवाज चढवायची गरज पडत नाही. "म्हणाला, त्या बाईनं एक ओळ लिहिली असती, माझी चूक झाली, तर आज तुमचा मुलगा घरी नसता, चांगल्या इस्पितळात असता. एक ओळ. त्या माणसानं टाइप करून समोर ठेवली होती ना? फोनवर तूच सांगितलंस ते."

"ती खोटी होती, नेल्डा."

"असेल. माझ्यासाठी तू खोटं बोलायचंस. तीस वर्षं माझ्या टेबलावर जेवलीस तू. पण तुझ्या हातून चूक झाली असं म्हणायचं म्हणजे तुझा जीव गेला असता."

"तसं नव्हतं."

"मग कसं होतं?"

खरं तसं होतं की नव्हतं, ते मी इतकी वर्षं शेजारी बसूनही सांगू शकत नाही. मला वाटतं, व्हर्लालाही तेव्हा सांगता आलं नसतं. ती टोबिनकडे वळली.

"तुला काय वाटतं?"

टोबिननं टीव्ही पूर्ण बंद केला. लहानपणापासून तो तिच्याशी अदबीनं बोलायचा, तसाच बोलला.

"आत्ता विचारताय, व्हर्ला आंटी? तुम्ही, तुमचे साहेब, वकील, आई. सगळ्यांनी ठरवलं काय करायचं ते. तेव्हा मला कुणी विचारलं नाही." मग थांबून म्हणाला, "विचारलं असतं तर म्हटलं असतं, करा सही."

मी तिला घरी सोडलं. उतरताना थँक्यू म्हणाली.

सात महिन्यांनी त्या पुस्तिकेची सुधारित आवृत्ती निघाली. वॉशिंग्टनहून सूचना आली होती की मुक्ती व शपथ यांतले अंतर बुजवावे. काम व्हर्लाच्याच टेबलावर आलं. तिनं जुन्या टिपणातलं पंधरा शब्दांचं वाक्य काढलं आणि जसंच्या तसं घातलं. शेवटच्या पानावर नेहमीची ओळ होती, ती मीच टाइप केली: 'ही सुधारणा प्रसिद्धीच्या दिनांकापासून लागू राहील.' मी तिला विचारलं, मागची तारीख घालता येणार नाही का? "मी विचारलं," ती म्हणाली. "दोनदा लिहून विचारलं. नाही म्हणाले."

टोबिननं नवीन नियमाच्या आधारे परत अर्ज केला. तो पंधरा दिवसांत परत आला. मग त्यानं एका विमा कंपनीत घरबसल्या फोन घेण्याचं काम धरलं. नेल्डानं बस सोडली, कारण त्याला दिवसातून चार वेळा उचलायला माणूस लागायचा.

व्हर्ला ठरल्या वेळी निवृत्त झाली. आम्ही जेवणाच्या सुट्टीत केक कापला. एका कर्नलनं भाषण केलं. त्याला तिचं आडनाव नीट उच्चारता आलं नाही. लाकडी पाटीवर 'अचूक सेवेबद्दल' असं कोरून आणलं होतं. सेक्शनमधल्या नव्या मुलीनं हौसेनं निवडलेले शब्द होते, तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. व्हर्लानं पाटी घेतली, सगळ्यांचे हात हातात घेतले आणि तीन वाजता घरी गेली. एरवी पाचच्या आधी ती कधी उठली नव्हती.

त्यानंतर मी महिन्यातून एकदा तिच्याकडे जायचो. हॉलवर तिनं जाणं सोडलं होतं, चर्चही बदललं होतं. नेल्डाच्या पत्त्यावर लिहिलेली पाकिटं स्वयंपाकघरातल्या टेबलावर असायची, परत आलेली, न फोडलेली. एकदा ती म्हणाली, "मी तिला लिहिलंय की होय, तसंच होतं. मला माझं नाव चांगलं ठेवायचं होतं. पण ती उघडतच नाही, तर तिला कळणार कसं?" मी म्हणालो की मी तोंडी सांगतो. "नको," ती म्हणाली. "माझं मीच सांगायला हवं." त्या हिवाळ्यात तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि एप्रिलमध्ये ती गेली.

अंत्यविधीला वीसेक माणसं होती. टॅकेटनं वॉशिंग्टनहून फुलं पाठवली होती. नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅम, बटाट्याचं सॅलड, जेली. मी ताट घेऊन बसलो तर स्वयंपाकघराच्या दारातून नेल्डा बाहेर आली, हातात नूडल्सचा मोठा गरम ट्रे. तिनं तो टेबलावर ठेवला, झाकण काढलं, चमचा लावला. मला पाहून माझ्याकडे आली.

"टोबिनपाशी शेजारीण बसली आहे. मला लगेच जायचंय," ती म्हणाली.

"आलात, बरं वाटलं."

"बरं वाटायला नाही आले. मी तिला माफ केलेलं नाही, तुम्ही तसं समजू नका."

"तिनं तुम्हाला पत्रं लिहिली होती," मी म्हणालो.

"माहीत आहे. तिचं अक्षर ओळखता येतं मला."

"त्यात काय होतं ते सांगू?"

नेल्डानं विचार केला. खरोखर विचार केला, कारण मधे एकजण वाढून घ्यायला आला त्याला तिनं न बघता बाजूला केलं.

"नको," ती म्हणाली. "सांगितलंत तर मला तिची दया येईल. मला रोज त्याला उचलायचं आहे. दया येऊन कसं चालेल?"

मग तिनं रिकामे झालेले दोन ट्रे एकात एक घातले आणि ते धुवायला आत गेली.